आईचा प्रश्न आणि माझं एमटेक

पाच वर्षं हिंजवडीत कोडिंग केल्यावर मी नोकरी सोडून एमटेकला जातोय म्हटलं, तेव्हा आईने एवढंच विचारलं, ‘आणि फ्लॅटचा हप्ता?’

प्रश्न बरोबरच होता. २०२४ मध्ये प्रवेश घेतला तेव्हा स्टायपेंड महिन्याला १२,४०० रुपये, आणि हप्ता त्याच्या दुप्पट. दोन वर्षांचे हप्ते साठवले, मगच राजीनामा टाकला.

‘गेट’ म्हणजे तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. स्क्रीनवरचा, माऊसने एकेक बटण दाबत वापरायचा. (सराव त्यावरच करा, माझं ऐका!)

खरी फजिती पुढे झाली. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, पण पाच वर्षं फक्त जावा. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, ‘मॉसफेट बंद असताना करंट शून्य असतो?’ मी छातीठोकपणे ‘हो सर!’ बावीस वर्षांची पोरं हसली. शून्य नसतोच. थ्रेशोल्डच्या खाली गेटचं (हे गेट वेगळं!) व्होल्टेज कमी करत न्या, करंट दहापट घटवायला नेहमीच्या तापमानाला निदान ६० मिलिव्होल्ट खर्ची पडतात. आपला मोबाईल नुसता पडून असला तरी बॅटरी उतरते, त्यात या गळतीचाही वाटा असतो. च्यायला, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं! की सांगितलं होतं, आणि मी मागच्या बाकावर झोपलो होतो?

आता आठवड्याला आठ तास बीटेकच्या लॅबमध्ये मी असतो. ‘दादा, वेव्हफॉर्म येत नाहीये,’ पोरं ओरडतात. बहुतेकदा ग्राउंडची वायरच निघालेली असते.

आई दर रविवारी हप्त्याचं विचारतेच.