वीज कंपनीतून टीसीएसमध्ये: फकीरचंद कोहली

परवा ऑफिसात एका ज्युनियर इंजिनिअरने विचारलं, "सर, माझी डिग्री इलेक्ट्रिकलची. आयटीत वरपर्यंत जाता येईल का?"

मी त्याला फकीरचंद कोहलींबद्दल सांगितलं. जन्म १९२४ चा, पेशावरचा. एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून ते १९५१ मध्ये मुंबईत टाटांच्या वीज कंपनीत आले.

तिथे त्यांचं काम लोड डिस्पॅचचं. कुठल्या केंद्रातून किती वीज घ्यायची, कुठल्या भागाला किती द्यायची, याचा हिशोब क्षणाक्षणाला बदलतो. वीज मोठ्या प्रमाणावर सहज साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे चूक झाली की दिवे जातात. हा हिशोब सांभाळायला त्यांनी १९६० च्या दशकातच डिजिटल संगणक आणला. बघा, संगणक त्यांच्याकडे कामाच्या गरजेतून आला!

१९६९ मध्ये टाटांच्याच सॉफ्टवेअर कंपनीची, टीसीएसची, जबाबदारी आली, तेव्हा ते नाखूश होते. आपण वीजवाले, हे त्यांचं म्हणणं. तरी गेले, आणि १९९६ पर्यंत कंपनी उभी केली.

मला त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते ती माणसं घडवण्याची. १९८१ मध्ये त्यांनी पुण्यात संशोधन केंद्र काढलं. त्यांच्यानंतर टीसीएसचे प्रमुख झालेले रामदोराई तिथेच ट्रेनी म्हणून लागले होते. त्यांच्या पुढचे प्रमुख चंद्रशेखरनही कंपनीच्या आतलेच.

निवृत्तीनंतर कोहलींनी प्रौढांना संगणकाच्या मदतीने वाचायला शिकवण्याचा प्रकल्प हाती घेतला. सुटी अक्षरं घोटण्याऐवजी पूर्ण शब्द ओळखायचे, ही त्याची पद्धत.

तुमच्यापैकी कोणी दुसऱ्या शाखेतून आयटीत आलंय का? काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा, जमेल तसं उत्तर देतो.