थरमधील मुक्काम – लेखांक ६ : पाणी कोठून येते?

वाळवंटातील आलिशान रिसॉर्ट निवडताना सर्वप्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे तेथील पाणी; खोलीचे क्षेत्रफळ, जेवणाचा थाट आणि गच्चीवरून दिसणारा सूर्यास्त यांचा क्रम त्यानंतर लागतो. तंबू की दगडी हवेली हा या आठवड्यासाठी ठरलेला विषय पुढील लेखांकावर ढकलण्याचे कारण हेच आहे. सम आणि खुडी येथील वाळूच्या टेकड्यांची तुलना प्रसिद्ध झाल्यानंतर नाशिकच्या एका वाचक भगिनींनी विचारले की, जैसलमेरजवळच्या दोन रिसॉर्टपैकी एकात मोठा तरणतलाव आहे, दुसऱ्यात नाही, भाडे मात्र जवळजवळ सारखेच आहे, तर तलाव असलेले निवडण्यात वावगे काय? या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणे शक्य आहे, पण तसे करणे म्हणजे थर समजून घेण्याची एक उत्तम संधी दवडणे होय.

जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. महाबळेश्वरला एवढा पाऊस जुलैतील एकाच दिवसात पडून गेल्याची उदाहरणे आहेत. याउलट बाष्पीभवन, म्हणजे ऊन व वारा यांमुळे पाण्याची वाफ होऊन जाणे, इतके तीव्र असते की उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षभरात दोन मीटरच्या आसपास जाडीचा थर उडून जातो. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद तलाव धरला, तर त्याचे क्षेत्रफळ दोनशे चौरस मीटर होते आणि त्यावरून वर्षाला सुमारे चार लाख लिटर पाणी केवळ हवेत जाते; पाहुण्यांनी त्यात पाऊलही टाकले नाही तरी हा खर्च चुकत नाही. पश्चिम राजस्थानातील एखादे कुटुंब पावसाचे पाणी साठविण्यासाठी अंगणात जे बंदिस्त गोल टाके बांधते, त्यात वीसएक हजार लिटर पाणी मावते आणि काटकसरीने वापरल्यास तेवढ्यावर त्या कुटुंबाची पिण्याची गरज वर्षभर भागते. म्हणजे एका तलावावरून उडून जाणारे पाणी अशा वीस टाक्यांइतके असते. तलाव लहान असेल, भिंतींच्या सावलीत असेल आणि रात्री झाकला जात असेल, तर हा आकडा बराच खाली येतो; म्हणून तलाव आहे की नाही यापेक्षा तो कसा आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

आता ते पाणी येते कोठून, हा खरा मुद्दा. या विषयावर अनुपम मिश्र यांच्याइतके प्रेमाने आणि बारकाईने लिहिणारे लेखक विरळाच. १९४८ मध्ये वर्ध्यात जन्मलेल्या मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात मरुभूमीतील लोक पाण्याची जी तीन रूपे मानतात, त्यांचे वर्णन केले आहे. आकाशातून पडून थेट साठविता येणारे ते पालर पाणी. फार खोल जाऊन खाऱ्या झालेल्या भूजलाचे नाव पाताल पाणी. आणि या दोहोंच्या मधले, वाळूत मुरलेले पण खारट पाण्याला अद्याप न मिळालेले, ते रेजाणी पाणी. हे तिसरे रूप सर्वांत विलक्षण आहे. काही भागांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा, पट्टा पसरलेला असतो आणि तो पावसाच्या ओलाव्याला खाली जाऊ देत नाही. हा ओलावा मिळविण्यासाठी अतिशय अरुंद आणि खोल विहीर खणतात, तिला कुंई म्हणतात, आणि ती खणणाऱ्या कुशल कारागिराला चेजारो. कुंईचे तोंड मुद्दाम लहान ठेवतात, कारण ओलावा थेंबाथेंबाने पाझरतो आणि मोठ्या घेरात तो पसरून पातळ झाला तर काढता येत नाही, शिवाय ऊनही त्याला सहज गाठते. दिवसभरात दोन-तीन घडे गोड पाणी मिळाले, तरी ती कुंई चांगली मानली जाते.

जैसलमेरपासून पश्चिमेस सतराअठरा किलोमीटरवर असलेले कुलधरा हे ओस गाव पर्यटकांना भुताखेतांच्या कथांसाठी दाखविले जाते, याची खंत वाटावी; कारण तेथे राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांची खरी थोरवी त्यांच्या खडिनांत आहे. खडीन म्हणजे खडकाळ उताराच्या पायथ्याशी घातलेला मातीचा लांब बांध. वरच्या उघड्या खडकावरून वाहत येणारे पावसाचे पाणी या बांधामागे साचते, जमिनीत मुरते, आणि पाणी ओसरल्यावर त्या ओलीवर गहू-हरभऱ्याचे रब्बी पीक सिंचनाविना येते. जैसलमेरभोवतीचा बहुतेक प्रदेश वाळूचा नसून कठीण, खडकाळ आहे. छायाचित्रे पाहून आलेल्या प्रवाशाची त्यामुळे निराशा होते, परंतु खडिनाला लागणारा उतार याच खडकाने दिला. काही खडिने आजही पेरली जातात. डिसेंबर-जानेवारीत मुक्काम असेल, तर उंटावरच्या फेरीतील एखादा तास कमी करून पाहुण्यांना गव्हाने हिरवे झालेले खडीन दाखविणारे रिसॉर्ट हे त्या प्रदेशाशी खरे नाते असलेले रिसॉर्ट समजावे.

आधुनिक रिसॉर्टला अर्थातच कुंई वा खडीन पुरत नाही. त्याच्यापुढे साधारणपणे कालवा, कूपनलिका आणि टँकर असे मार्ग असतात. पंजाबात सतलज व बियास यांच्या संगमाजवळील हरिके बंधाऱ्यापासून निघालेला इंदिरा गांधी कालवा सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा प्रवास करून जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढजवळ संपतो. १९५८ मध्ये आरंभ झालेल्या या कामाचे पाणी शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत जवळपास तीन दशके गेली. जैसलमेरच्या न्हाणीघरात वाहणारे पाणी हिमालयातून आलेले असू शकते, ही बाब पाहुण्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. भूजलाची स्थिती ठिकाणागणिक बदलते. शहराच्या पूर्वेस, पोकरणच्या वाटेवरील लाठी-चांधण पट्ट्यातील वालुकाश्मात चांगले पाणी आहे, तर इतरत्र अनेक ठिकाणी ते क्षारयुक्त आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मोहनगढ परिसरात एका शेतात कूपनलिका खणताना पाणी एवढ्या दाबाने उसळले की खणण्याचे यंत्र ट्रकसह जमिनीत गडप झाले; लुप्त सरस्वती प्रकटल्याची बातमी दूरवर पसरली, परंतु ते पाणी खारट होते आणि अभेद्य थराखाली कोंडले गेल्यामुळे दाबाखाली आलेले होते. खारे पाणी गोड करण्यासाठी रिसॉर्टमध्ये शुद्धीकरण यंत्रणा बसवितात, मात्र त्यातून अधिक खारट पाणी मागे उरते आणि ते कोठे सोडले जाते, हे क्वचितच सांगितले जाते.

वापरलेल्या पाण्याचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द जैसलमेरच्या किल्ल्यात आहे. १९७४ मध्ये सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाने या किल्ल्याला घराघरांत नेले, त्यानंतर पर्यटन वाढले आणि लोकवस्ती असलेल्या या किल्ल्यात एकामागून एक निवासगृहे निघाली. जो किल्ला घागरीने आणलेल्या पाण्यावर जगत होता, तेथे नळ आले, न्हाणीघरे आली, आणि सांडपाणी भिंतींखालच्या मातकट थरांत मुरू लागले. पायाच फुगल्यामुळे आणि खचल्यामुळे १९९० च्या दशकात काही बुरुज ढासळले. संकटग्रस्त वास्तूंच्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’ या यादीत १९९६ मध्ये त्याचा समावेश झाला आणि पुढे २०१३ मध्ये राजस्थानातील इतर गिरिदुर्गांसह त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शतकानुशतके कोरडेपणा सोसलेल्या वास्तूला पाण्याच्या अतिरेकाने धोका निर्माण झाला, म्हणूनच किल्ल्याच्या आत राहण्याचा मोह, खिडकीतून कितीही सुंदर दृश्य दिसत असले तरी, टाळावा असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

तेव्हा आरक्षणापूर्वी व्यवस्थापकाला पाणी कोठून येते, तलाव रात्री झाकला जातो काय, न्हाणीघरातील पाणी शुद्ध करून बागेला देतात काय, असे सरळ विचारावे. बाग पाहिली तरी पुष्कळ कळते. हिरवळीचे गालिचे अंथरलेले असतील, तर पाण्याची उधळपट्टी गृहीत धरावी. खेजडी, म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला पुजली जाणारी शमी, राजस्थानचे राज्यपुष्प देणारा रोहिडा, कैर आणि सेवण गवत राखलेले असेल, तर मालकाला आपली जमीन ठाऊक आहे असे समजण्यास हरकत नाही. विशेषतः सेवण हे गवत वाळू धरून ठेवते, गुरांना चारा देते आणि एकदा रुजल्यावर कोणी वरून पाणी घालावे अशी अपेक्षाही ठेवत नाही; सायंकाळच्या तिरप्या उन्हात त्याची शोभा हिरवळीपेक्षा रतिभरही उणी नसते.

नाशिकच्या वाचक भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर यातून असे निघते की, मुक्काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातला असल्यास तलावाला निवडीत स्थानच देऊ नये, कारण त्या दिवसांत रात्रीचे तापमान पाच-सात अंशांपर्यंत उतरते, न तापविलेले पाणी दुपारीही हुडहुडी भरविते आणि बहुतेक पाहुणे तलावाच्या काठावर केवळ चहा घेतात. मार्च संपल्यावर जाणार असल्यास लहान, सावलीतला तलाव असलेले रिसॉर्ट निवडावे. तंबू आणि हवेली यांचा विचार पुढील आठवड्यात करताना सांडपाण्याचा धागा पुन्हा हाती घ्यावा लागेल, कारण समच्या वाळूत हंगामापुरते उभारल्या जाणाऱ्या तंबूंनाही आता स्वतंत्र न्हाणीघरे जोडलेली असतात आणि त्यांचे शोषखड्डे कोठे व किती खोल आहेत, हे तंबूच्या कापडापेक्षा आधी तपासावे लागते.