कानांची मुद्दल

लग्नसराई जवळ आली की व्यापारी कुटुंबांतून याद्या तयार होऊ लागतात. निमंत्रितांची यादी, कापडचोपडाची यादी, मिठाईची यादी. गेल्या काही वर्षांत या याद्यांत 'डीजे' या शब्दाला हक्काची जागा मिळाली आहे. त्याचा दर ठरताना घासाघीस होते, गाडीवर किती टॉप आणि किती बेस असतील याची चौकशी होते, विसार दिला जातो. एवढ्या काटेकोर व्यवहारात खर्चाची एक रक्कम मात्र कोणत्याही वहीत चढत नाही. वरातीत नाचणाऱ्यांच्या, ढोल वाजवणाऱ्यांच्या आणि गॅलरीतून पाहणाऱ्यांच्या श्रवणशक्तीतून ती वजा होत असते.

आनंद खराच आहे

मोठ्या आवाजातील संगीताला केवळ उच्छृंखलपणा म्हणून नाके मुरडणे सोपे असले, तरी ते न्याय्य नाही. त्या आनंदाला शरीरशास्त्राचा आधार आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्जातले स्वर फार क्षीण ऐकू येतात. आवाज वाढत गेला की तेच स्वर भरीव होत जातात. डग्ग्याचा घुमारा किंवा तंबोऱ्याचा खर्ज रेडिओचे बटण थोडे पुढे सरकवताच जिवंत होतो, याचे कारण हेच. 'मोठ्याने लावले की गाणे अधिक चांगले वाटते' असे नातू म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी या ब्रिटिश संशोधकांनी २००० मध्ये याच्या पुढची गोष्ट मांडली. आंतरकर्णात शरीराचा तोल सांभाळणारी एक लहानशी पिशवी असते. सुमारे ९० डेसिबलच्या वर, विशेषतः खर्जाच्या ठोक्यांनी, ती पिशवीही उद्दीपित होते. झोपाळ्यावर बसताना जे सुख मिळते, त्याच जातीचे सुख या ठोक्यांत असावे, असा त्यांचा तर्क आहे. वरातीत पाय आपोआप थिरकू लागतात, त्याचे मूळ कदाचित इथे असेल.

ऐकण्याहून वाजवण्याचा आनंद आणखी निराळा. पुण्यातील ढोल-ताशा पथकांत दिवसभर नोकरी किंवा दुकान सांभाळणारे तरुण-तरुणी गणेशोत्सवाआधी कित्येक आठवडे संध्याकाळी सरावाला जमतात. कमरेला जड ढोल बांधायचा, एका हाती टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, आणि ताशाच्या इशाऱ्यावर सर्वांचा ठोका एकाच क्षणी पडायला हवा. जो ठोका चुकतो तो लगेच उघडा पडतो. या शिस्तीत ओळखीपाळखी वाढतात, मुली मुलांच्या बरोबरीने उभ्या राहतात, दमलेल्या शरीरालाही हुरूप येतो. ज्याने हे अनुभवले, त्याला 'आवाज कमी करा' एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या आनंदाची किंमतच न जाणणे होय.

भरणा नसलेले खाते

तरीही हिशेबाची दुसरी बाजू पाहावीच लागते. प्रत्येक आंतरकर्णात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे विद्युत संदेशांत रूपांतर करून त्या मेंदूकडे पाठवतात. जन्मतः मिळालेली ही मुद्दल आयुष्यभर पुरवायची असते, कारण माणसाच्या कानात नष्ट झालेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. या खात्यात उचल करता येते. भरणा करता येत नाही.

उचल कशी होते, हे समजण्यासाठी डेसिबलचे गणित ध्यानात घ्यावे लागते. हे गणित साध्या बेरजेचे नसून पटीचे आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते. १० डेसिबलने वाढला की दहापट. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास अशी आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबलचे ४० तास. प्रत्येक ३ डेसिबलला मुदत निम्मी करत गेले, की ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास उरतात. १०० डेसिबलपाशी पोहोचता पोहोचता संपूर्ण आठवड्याची मुदत २० ते २५ मिनिटांत संपते.

ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर किंवा ताशांच्या रांगेत १०० डेसिबल ही काही अपवादाची पातळी नव्हे. तीन तासांची वरात त्या पातळीवर चालली, तर सुमारे सात आठवड्यांची मर्यादा एका संध्याकाळी खर्ची पडते. चक्रवाढ व्याजाची ताकद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांचे गांभीर्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या नुकसानीची मोठी अडचण अशी, की त्या वेळी काही दुखत नाही. कार्यक्रमानंतर कानात सूं असा आवाज येतो, दडे बसल्यासारखे वाटते, आणि एक-दोन दिवसांत सारे पूर्ववत झाल्याचा भास होतो. अमेरिकेतील शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की श्रवणाची चाचणी पूर्ववत आल्यानंतरही केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातील अनेक जोडण्या कायमच्या तुटलेल्या असू शकतात. पासबुकावर शिल्लक तेवढीच दिसावी आणि तिजोरी मात्र आतून रिकामी होत जावी, असा हा प्रकार.

खरी झळ पुढे पोहोचते. मोठ्या आवाजाने होणारी हानी सहसा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून सुरू होते. भाषेतील 'स', 'श' यांसारख्या वर्णांची ओळख अशाच उंच स्वरांवर अवलंबून असते. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. 'साठ' आणि 'आठ' यांतील फरक एका 'स'चा आहे. गर्दीच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला हा फरक ऐकू येईनासा झाला, तर काय घडेल याची कल्पना प्रत्येक व्यापाऱ्याला करता येईल. घरात वडीलधारी माणसे हळूहळू संभाषणातून बाजूला पडतात, तीही पुष्कळदा याच कारणाने.

वादकांनी मोजलेली किंमत

ज्यांचे पोट संगीतावर, त्यांनाही ही किंमत चुकलेली नाही. 'द हू' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावरील कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल नोंदले गेले आणि तो जागतिक विक्रम ठरला. पुढे गिनीज पुस्तकाने कानांना अपाय होऊ नये म्हणून ही विक्रमांची वर्गवारीच बंद केली. त्याच वृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी श्रवणदोष आणि कानातील सततचा नाद यांविषयी जाहीरपणे सांगितले असून, ध्वनिमुद्रणाच्या वेळी वापरलेल्या हेडफोनला त्यांनी प्रामुख्याने दोष दिला आहे. इअरफोनवर रात्र रात्र गाणी ऐकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अभिजात संगीतही याला अपवाद नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधील एका व्हायोलावादकाला २०१२ मध्ये वाग्नरच्या संगीतिकेच्या तालमीत पितळी वाद्यांच्या अगदी पुढे बसावे लागले आणि त्याच्या श्रवणाला कायमची इजा झाली. २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. संगीत उत्तम आहे की सवंग, हे कान पाहत नाही. तो केवळ पातळी आणि वेळ मोजतो.

आपल्याकडील संगीत नाटकांचा सुवर्णकाळ ध्वनिवर्धकाविना गेला, हेही आठवावे. बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात ऑर्गन आणि सारंगीच्या साथीने गाणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असे, आणि त्या रंगण्यात काही उणे पडले असे त्या पिढीने कधी म्हटले नाही.

दुसऱ्याच्या खात्यावरची उचल

स्वतःची मुद्दल खर्च करणे हा एक वेळ ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु रस्त्यावरचा आवाज दुसऱ्याच्या खात्यातूनही उचल करतो. खर्जाचे ठोके दूरवर जातात, भिंती ओलांडतात. पाळण्यातले बाळ, अंथरुणाला खिळलेले आजोबा, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी आणि नवरदेवाला पाठीवर घेऊन चालणारा मुका घोडा यांपैकी कोणीही या आनंदाची मागणी केलेली नसते.

कायद्याने ही मर्यादा स्पष्ट केली आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या विषयावर सविस्तर निकाल दिला. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अविभाज्य भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो वा आपल्या समाजातील वरघोडा, नियम सर्वांना सारखाच आहे.

यजमानाच्या हाती काय आहे

नियमांची अंमलबजावणी पोलिसांनी करावी हे खरे. पण त्याआधी एक अधिकार यजमानाकडे असतो, तो म्हणजे ऑर्डर देण्याचा. जो विसार देतो, तो अटही घालू शकतो. आवाज किती असेल, कोणत्या ठिकाणी बंद होईल, किती वाजता संपेल, हे तीन मुद्दे ठरलेल्या रकमेबरोबर कागदावर लिहून घ्यावेत. सनई-चौघडा, हलगी किंवा मोजक्या वादकांचा बँड घेतला तर उत्साह राहतो आणि बोलणेही ऐकू येते. मंडळांना वर्गणी देणाऱ्या दुकानदारांनाही हाच अधिकार आहे. पावती घेताना शांतपणे विचारलेला एक प्रश्न पुष्कळ काम करतो.

ज्यांना वाजवायचे आहे त्यांनी जरूर वाजवावे, मात्र सरावाच्या वेळीसुद्धा कानात बोळे घालावेत. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे साधे बोळे नीट बसवले तर आवाज बराच खाली आणतात. स्वरांचा तोल न बिघडवता पातळी उतरवणारे वादकांसाठीचे बोळेही मिळतात. मध्ये विश्रांती घ्यावी. प्रेक्षकांनी अंतर राखावे, कारण उघड्यावर एका ध्वनिवर्धकापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. लहान मुलांना खांद्यावर घेऊन ध्वनिवर्धकांसमोर कधीही उभे राहू नये. कानातला नाद दोन दिवसांनंतरही टिकला, तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.

येत्या लग्नसराईत याद्या करताना डीजेच्या रकमेपुढे या तीन अटी लिहिल्या जाव्यात. नवदांपत्याला आशीर्वाद देण्यासाठी आलेल्या आजीला मंगलाष्टका स्पष्ट ऐकू आल्या, तर त्या खर्चाचे चीज झाले असे समजावे.