लव्हबर्डचं पिल्लू हातावर येण्याआधी

पोलादपूरच्या एखाद्या परसात शिक्रा झेपावला की साळुंक्या आणि बुलबुल ओरडत पांगतात. वरून झपाट्यानं येणाऱ्या आकाराची भीती लहान पक्ष्यांच्या अंगातच मुरलेली असते. नव्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यात आपण वरून हात घालतो तेव्हा त्या पिल्लाला दिसतं ते हेच. ते पिंजऱ्यातच जन्मलेलं असलं तरी अंग आक्रसून, पिसं चापून गोठून बसतं. अशा वेळी त्याला पकडून ‘सवय लावणं’ म्हणजे त्याची भीती खरी ठरवणं.

आधी पक्षी ओळखावा. आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून विकला जाणारा लांब शेपटीचा पक्षी पुष्कळदा ऑस्ट्रेलियातला बजरिगर असतो. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा, जाड चोचीचा, वजनानं पन्नासेक ग्रॅमचा. त्याच्या नऊ जातींपैकी आठ आफ्रिकेतल्या, एक मादागास्करची. घरांत दिसतात ते मुख्यतः नामिबिया-अंगोलाकडचे पीचफेस आणि टांझानियाचे फिशर. त्यांचे सर्वांत जवळचे नातलग मात्र आपल्या सह्याद्रीच्या दमट जंगलात राहतात: चिमणीएवढे, रात्री फांदीला उलटे लटकून झोपणारे हिरवे हँगिंग पॅरट. हे नातं वागण्यातही उतरलं आहे. पीचफेसची मादी घरट्यासाठी पानांच्या पट्ट्या कापून पाठीच्या पिसांत खोचून नेते, आणि हँगिंग पॅरटची मादीही तेच करते.

फिशर मात्र पट्टी चोचीत धरून नेतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर केला. १९६२ मध्ये त्यांनी लिहिलं, की संकरित पक्षी पट्ट्या पिसांत खोचायला बघत आणि त्या गळून पडत. चोचीतून न्यायला शिकायला त्यांना वर्षं लागली, आणि त्यानंतरही मान मागे वळायची ती वळायचीच. पक्षी पाळणाऱ्यानं हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा. शिकवण्यानं पक्षी बदलतो, पण वारशानं आलेलं पुसलं जात नाही. तुमच्या खांद्यावर बसून वर्तमानपत्राच्या पट्ट्या कातरणारी मादी खोडकर नसते, ती घरट्याच्या तयारीत असते.

चमच्यानं भरवलेलं पिल्लूच माणसाळतं, ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते. अंड्यातून २३ दिवसांनी बाहेर पडलेलं पिल्लू सहाव्या आठवड्याच्या सुमारास घरटं सोडतं आणि त्यानंतर आणखी एक-दोन आठवड्यांनी स्वतः दाणे सोलून खाऊ लागतं. त्याआधी घरी आणलं, तर जरा जास्त गरम खाद्यानंही त्याची अन्नपिशवी भाजते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत जेम्स मिलाम आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की अॅमेझॉन पोपटांची पिल्लं आईबापांकडेच वाढू दिली आणि रोज थोडा वेळ हाताळली, तरीही ती माणसाला बुजत नाहीत. म्हणजे विकणाऱ्याकडे मागायचं ते आईबापांनी वाढवलेलं, रोज हाताळलेलं आणि स्वतःचं स्वतः खाणारं पिल्लू.

मुंबईहून महाडपर्यंतच्या लांबलचक प्रवासानंतर त्याला काही दिवस नुसतं राहू द्यावं. पिंजरा भिंतीला टेकवून, आपल्या छातीच्या उंचीवर ठेवावा. पडवीत नको, तिथं मांजर आणि धामण दोघांचीही भीती. जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्या बंद असतात, तेव्हा तर स्वयंपाकघरापासून तो लांबच हवा. जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

मग जवळ बसून हळू आवाजात बोलावं. राळ्याचं कणीस जाळीतून धरावं. पोलादपूरच्या वरकस शेतातलं फवारणी न झालेलं नाचणीचं कणीसही चालेल. पिल्लू खायला पुढे आलं, तर उद्या दार उघडून तेच कणीस तळहातावर ठेवावं, हात खालून आणि सावकाश न्यावा. ते मागे सरलं, तर हातानंही मागे सरावं. पोपटाला ‘नको’ म्हणता येतं आणि समोरचा ते ऐकतो, हे कळल्यावर चावायचं कारणच उरत नाही. पिसं सैल सोडून, एक पाय पोटाशी घेऊन तुमच्यासमोर चोच कुरकुरवणारं पिल्लू निर्धास्त झालेलं असतं.

लव्हबर्ड एकमेकांची मान आणि डोकं विंचरतात, म्हणून आपणही तेवढंच खाजवावं. पाठीवरून हात फिरवणं त्याला जोडीदाराचं आमंत्रण वाटतं. मग ते गिळलेले दाणे तुमच्या बोटावर उलटून देतं, आणि त्यानंतर तुमच्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाला चावतं.

आठ-दहा तास घर रिकामं राहणार असेल, तर एकटा लव्हबर्ड पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सोबतीला दुसरा आणलात, तर पहिल्याचं माणसाळणं संपत नाही, फक्त दोघांना रोज वेगवेगळा वेळ द्यावा लागतो. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा, आणि दोघांची विष्ठा साफ केल्यावर हात साबणानं धुवावेत, कारण पोपटांचा सिटॅकोसिस हा आजार माणसालाही होतो.