‘हाउंड डॉग’ अभ्यासाला आहे

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत लोकप्रिय संगीताच्या इतिहासाचा एखादा तरी अभ्यासक्रम असतो. त्यात बसणारी बरीचशी मुलं संगीताची नसतात. कुणी इंजिनिअरिंगचं, कुणी अर्थशास्त्राचं, कुणी नर्सिंगचं. पदवीसाठी कलाविषयाचे थोडे क्रेडिट लागतात, स्वरलिपी वाचता येण्याची अट नसते, आणि गाणी तर सगळेच ऐकतात. मार्क सहज मिळतील, असा हिशेब असतो.

तो हिशेब पहिल्याच परीक्षेत चुकतो. प्राध्यापक एखादं गाणं मधूनच वाजवतात, थोड्या वेळात थांबवतात आणि विचारतात : कोण गातंय, साधारण कधीचं आहे, कोणत्या धाटणीचं आहे आणि हे कशावरून म्हणता? तबकडीवर कुठेही सुई टेकवावी तसा हा प्रकार असल्यामुळे त्याला ‘ड्रॉप द नीडल’ म्हणतात. गाणं आवडतं एवढ्यावर इथे भागत नाही. ‘कशावरून’चं उत्तर द्यायला कान कामाला लावावा लागतो, आणि या शिक्षणाचा खरा कस तिथेच लागतो.

‘हाउंड डॉग’ हे गाणं यासाठी फार उपयोगी पडतं. बहुतेकांना ते एल्विस प्रेस्लीचं म्हणून माहीत असतं. पण ते पहिल्यांदा रेकॉर्ड केलं विली मे ‘बिग मामा’ थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने, १९५२ साली लॉस एंजेलिसमध्ये. लिहिणारे जेरी लीबर आणि माइक स्टोलर हे दोन गोरे ज्यू तरुण तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. थॉर्नटनचं गाणं संथ आहे, आवाज भरदार आणि खरबरीत. तिच्या जिवावर फुकट खाणाऱ्या पुरुषाला ती घराबाहेर काढते आहे. मागे गिटार तिच्या बोलण्याला जणू उत्तरं देते, आणि ओळी ठरलेल्या मापात बसल्या नाहीत तरी ती फिकीर करत नाही.

आता प्रेस्ली. लास वेगासमध्ये फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज हा वाद्यवृंद या गाण्याची गमतीदार आवृत्ती सादर करत असे. शब्द बदलून तिथे खरोखरच सशाच्या मागे धावणारा कुत्रा आला होता. प्रेस्लीने ती ऐकली आणि उचलली. १ जुलै १९५६ रोजी टीव्हीवर स्टीव्ह ॲलनच्या कार्यक्रमात त्याला सूट घालून एका बॅसेट हाउंड कुत्र्यासमोर हे गाणं गायला लावलं. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या आरसीए स्टुडिओत त्याने ते पुन्हा पुन्हा गाऊन रेकॉर्ड केलं. लय बरीच चढलेली, टाळ्या आणि ड्रमच्या फैरी, स्त्रीचा संताप पूर्ण गायब.

विद्यार्थ्यांना इथे मोजायला सांगतात. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रा. तीनतालाची तीन आवर्तनं. पहिले चार खंड सा धरून, पुढचे दोन मध्यमावर, दोन पुन्हा सावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन परत घरी. हाच तो ‘ट्वेल्व्ह बार ब्लूज’. प्रत्येक खंडात जोर येतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. एकदा हे मोजता आलं की चक बेरीपासून बीटल्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डपर्यंत तोच सांगाडा ऐकू येऊ लागतो. हा आनंद ज्याने घेतला, त्याला गाणं पूर्वीसारखं नुसतं कानावरून जाऊ देणं जमत नाही.

मग पैशांचा प्रश्न निघतो. थॉर्नटनची रेकॉर्ड ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ही यादी १९४९पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून छापली होती. कृष्णवर्णीयांचं संगीत वेगळ्या रकान्यात, वेगळ्या दुकानांत. तिच्याच सांगण्यानुसार तिला या गाण्याचे मिळाले सुमारे ५०० डॉलर. प्रेस्लीची आवृत्ती ‘डोन्ट बी क्रुएल’सोबत लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत अकरा आठवडे पहिली राहिली. अमेरिकेच्या कायद्यानुसार रेडिओ स्टेशनं गीतकार-संगीतकाराला मानधन देतात. गाणाऱ्याला देण्याचं बंधन एएम-एफएम रेडिओवर आजही नाही. एका गाण्यात वंश, बाजार आणि कायदा असे तिन्ही धडे मिळतात. संगीताचा इतिहास केवळ थोर कलावंतांच्या चरित्रांतून शिकवणं अपुरं का, याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधावं लागत नाही.

यंत्रांचा वाटाही तेवढाच. दहा इंची ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत, म्हणून गाणं तीन मिनिटांचं झालं. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आलं, आणि मायक्रोफोनशी हळुवार बोलल्यासारखं गाणारा बिंग क्रॉस्बी लोकप्रिय होऊ शकला. त्याआधी थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळाच लागे. १९४८ साली जास्त वेळ वाजणारी एलपी तबकडी आली आणि पुढे अख्खा अल्बम ही एक कलाकृती ठरली.

हा विषय विद्यापीठात शिरायला वेळ लागला. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विद्यापीठाने १९८८ साली लोकप्रिय संगीताच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था काढली. त्याच शहरातल्या होप विद्यापीठात २००९पासून बीटल्सवर एम.ए. करता येऊ लागलं. तेव्हा वर्तमानपत्रांनी थोडी थट्टा केली. ती अनाठायी होती.

आपल्याकडे असा अभ्यास करायला सामग्री कमी नाही. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. गोव्यातल्या आल्दोनाचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पुढे पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबत काम करू लागला, आणि ‘अलबेला’च्या (१९५१) गाण्यांत तो जॅझ हिंदी सिनेमात उतरला. मुंबई, पुणे आणि गोव्याच्या विद्यापीठांनी हा इतिहास पदवीच्या सर्व शाखांना खुला करून शिकवायला हवा. ज्या वादकांनी तो घडवला त्यांची पिढी बहुतांशी गेली आहे. घरोघरी उरलेल्या तबकड्या, करारपत्रं आणि छायाचित्रं आताच गोळा केली पाहिजेत.