गोणीतली शेती : नैरोबीच्या वस्तीत भाजी कशी पिकते?

केनियाची राजधानी नैरोबी. २०१९च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे ४४ लाख होती. शहराच्या नैऋत्येला असलेल्या किबेरा वस्तीत पत्र्याची घरं एकमेकांना इतकी खेटून उभी आहेत की दोन घरांमधून वाहणाऱ्या गटाराशिवाय मोकळी जागाच उरत नाही. तरीही दारादारांत उभ्या गोण्या दिसतात आणि त्यांच्या चहूबाजूंनी पानं बाहेर डोकावत असतात.

२००७च्या डिसेंबरमधल्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला, वस्त्यांना होणारा धान्य-भाजीचा पुरवठा तुटला. त्यानंतर २००८मध्ये एका फ्रेंच मदतसंस्थेने इथे गोण्यांची शेती पसरवली. रोपं आणि शिकवण संस्थेची, राबणारे हात मुख्यतः वस्तीतल्या बायकांचे.

गोणी भरण्यात खरी मेख आहे. नुसती माती कोंबून वरून पाणी ओतलं तर वरचा थरच ते पितो आणि तळ कोरडा राहतो. म्हणून आधी तळाशी दगडांचा थर देतात. त्यावर मधोमध एक डबा उभा करायचा, दोन्ही तोंडं कापलेला. डब्यात खडी भरायची आणि भोवती शेणखत मिसळलेली माती दाबायची. मग डबा हलकेच वर ओढायचा. खडी जागच्या जागी राहते. डबा पुन्हा तिच्यावर ठेवून पुढचा थर भरायचा. गोणी तोंडापर्यंत भरली की आत खडीचा एक उभा खांब तयार झालेला असतो. पाणी या खांबावर ओततात. ते खाली उतरता उतरता आडवं झिरपतं आणि प्रत्येक थरातल्या मुळांना मिळतं.

मग गोणीच्या अंगाला आलटून पालटून छेद द्यायचे आणि प्रत्येकात एकेक रोप, मुळं नीट आत सारून. वरच्या तोंडावरही चार-सहा रोपं बसतात. पीक बहुधा सुकुमा विकीचं, म्हणजे तिथल्या रोजच्या जेवणातली केल ही पालेभाजी. कांदा-टोमॅटोवर परतून ती उगालीबरोबर, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, खातात. खालची पानं तोडत राहायची, शेंडा राखायचा. एकच रोप कित्येक महिने पानं देतं.

पाणी २० लिटरच्या कॅनने विकत घ्यावं लागतं, म्हणून भाजी धुतलेलं पाणीही गोणीत जातं. कोंबड्या-शेळ्यांपासून राखण करावी लागते ती वेगळीच.

या युक्तीचं मला मनापासून कौतुक आहे, पण तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गोण्यांतून घरची भाजी निघते, थोडी शेजारी विकता येते. शहर त्यावर जगत नाही. जास्त भाजी पिकते ती नदीकाठी, रस्त्यांच्या कडेला, विजेच्या तारांखाली. मुंबईत रेल्वे रुळांलगतचा पालक-माठ आपण पाहिलेला आहे; प्रश्न तोच, पाणी कुठलं? नैरोबीत या मळ्यांना बरेचदा सांडपाणी मिळतं. त्यातल्या रोगजंतूंवर उपाय आहेत: पाणी पानांवर न मारता मुळाशी द्यावं, तोडणीआधी काही दिवस थांबावं, भाजी शिजवून खावी. शिसं आणि कॅडमियम मात्र धुऊन वा शिजवून जात नाहीत, आणि पालेभाज्या ते पानांत साठवतात. गोणीत माती कुठून आणली, हा प्रश्नही म्हणूनच महत्त्वाचा.

नैरोबीने २०१५मध्ये शहरी शेतीला मान्यता देणारा कायदा केला. परवानगी मिळाली, जमीन मिळाली नाही. मोकळा पट्टा दिसला की इमारत उठते आणि कसणाऱ्याकडे दाखवायला कागद नसतो. २०२४च्या पुरानंतर सरकारने नदीकाठच्या ३० मीटर पट्ट्यातली घरं पाडली. माणसं बेघर झाली, त्यांचं नीट पुनर्वसन हे पहिलं काम. पण तो पट्टा पुन्हा काँक्रीटखाली जाऊ नये. तिथे नेपिअर गवत, केळी, झाडं लावावीत, पालेभाजी नको. आणि कसणाऱ्याला काही वर्षांचा लेखी करार मिळावा. उद्या हुसकावलं जाण्याची धास्ती असेल तर कोणीही जमिनीत खत घालत नाही.