काळोखाची भाषा
(द्वितीय वर्ष, कला)

चित्रपट हा प्रकाशाचा खेळ आहे, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु काही चित्रपटांत खरे काम काळोखच करीत असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघालेले काही कृष्णधवल गुन्हेपट पाहून निनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने १९४६ साली त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, असे नाव दिले. हा काळेपणा कथेत जितका, तितकाच प्रकाशयोजनेतही होता. तो कसा साधला जाई आणि आपल्या मराठी मुलुखाशी त्याचे नाते काय, याचा थोडक्यात विचार करू.

स्टुडिओत माणसाचा चेहरा टिपताना साधारणपणे तीन दिवे वापरतात. एका बाजूने येणारा प्रखर दिवा म्हणजे ‘की लाइट’. त्याने पडलेल्या सावल्या सौम्य करणारा मंद दिवा म्हणजे ‘फिल लाइट’. माणसाला मागच्या भिंतीपासून वेगळा काढणारा, पाठीमागून येणारा तो ‘बॅक लाइट’. विनोदी किंवा संगीतप्रधान चित्रपटात फिल लाइट भरपूर असतो, त्यामुळे सारे काही स्वच्छ दिसते. न्वारमध्ये नेमका हाच दिवा कमी करतात किंवा काढूनच टाकतात. मग अर्धा चेहरा उजळतो आणि अर्धा काळोखात बुडतो. हा माणूस खरा की खोटा, हे संवादातून सांगावेच लागत नाही.

वाचकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. पावसाळ्यात वीज जाणे आपल्याकडे नवे नाही. अशा वेळी मोबाईलची बॅटरी कोणाच्या तरी हनुवटीखाली धरा, मग कानाजवळ धरा, मग डोक्यावर धरा. माणूस तोच, पण चेहरे तीन दिसतील. दिवा भिंतीपासून दूर आणि माणसाच्या जवळ नेला, की भिंतीवरची सावली माणसाहून मोठी होते.

ही विद्या अमेरिकेत पोहोचली ती मुख्यत्वे जर्मनीतून. १९२० च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’पासून तेथे सावल्यांची एक स्वतंत्र शैली तयार झाली होती. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर यांसारख्यांनी देश सोडला आणि पुढे ते हॉलीवूडला गेले. त्याच वर्षी ‘प्रभात’चे व्ही. शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीस गेले होते. परत आल्यावर त्यांनी १९३४ साली काढलेल्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूच्या डोळ्याचे टेलिफोटो भिंगाने घेतलेले अतिसमीप दृश्य आहे. त्या चित्रपटातील छायाप्रकाशावर जर्मन वळणाची छाप अभ्यासकांनी दाखवून दिली आहे.

याच ‘प्रभात’मध्ये, पुण्यात, १९४४ च्या सुमारास गुरुदत्त उमेदवारी करीत होते. तेथेच त्यांची देव आनंदशी मैत्री झाली. मुंबईत १९५१ साली दोघांचा ‘बाजी’ आला. जुगाराचा अड्डा, रात्रीचे रस्ते, सिगारेटचा धूर असा सारा न्वारचा संसार त्यात आहे. पुढे १९५२ च्या ‘जाल’पासून म्हैसूरचे व्ही. के. मूर्ती हे गुरुदत्तांचे छायाचित्रकार झाले. गुरुदत्तांनी निर्मिलेला आणि राज खोसला यांनी दिग्दर्शित केलेला १९५६ चा ‘सी.आय.डी.’ही मूर्तींनीच टिपला.

मूर्तींची सर्वांत गाजलेली करामत मात्र १९५९ च्या ‘कागज के फूल’मधील. हा गुन्हेपट नव्हे, पण त्याची छाया न्वारचीच. रिकाम्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा एक झोत उतरतो आणि त्यात दोन माणसे उभी आहेत, असे ते दृश्य. स्टुडिओच्या दिव्यांनी तसा झोत साधेना, तेव्हा मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचे ऊनच आत आणले.

झोत दिसतो तो हवेतील धूळ व धुरामुळे. स्वच्छ हवेतला प्रकाश बाजूने पाहणाऱ्याला दिसत नाही. १९४४ च्या ‘डबल इन्डेम्निटी’त छायाचित्रकार जॉन साइट्झ यांनी ॲल्युमिनियमचा बारीक चुरा हवेत उडवला होता, तो याचसाठी. आमच्या पालीकडच्या जुन्या कौलारू घरांत स्वयंपाकघरावर एखादे काचेचे कौल असते. चुलीच्या धुरात तेथून उतरणारी उन्हाची तिरीप म्हणजे मूर्तींचाच झोत!

हे मी आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “तुला तिरीप दिसली, आमच्या डोळ्यांतलं पाणी नाय दिसलं.” आमच्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. तिच्या या एका वाक्याने मला चित्रपटाकडे नव्याने पाहावे लागले. काळोख सुंदर वाटतो तो खुर्चीत बसून पाहणाऱ्याला. त्यात राहणाऱ्याला तो जाचतो. म्हणून केवळ देखणी सावली पाडणारा छायाचित्रकार मला अपुरा वाटतो. मूर्तींच्या झोतातील माणसे देखणी दिसतात आणि एकटीही दिसतात. प्रकाश त्यांच्यावर पडतो, पण त्यांना जवळ आणीत नाही. पाहणाऱ्याला सौंदर्याबरोबर त्या माणसांची घुसमटही जाणवली, तरच ती प्रकाशयोजना सार्थ झाली, असे मी मानतो.

‘कागज के फूल’ त्या वेळी चालला नाही. छायाचित्रणाचे फिल्मफेअर पारितोषिक मात्र मूर्तींना मिळाले, आणि २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही. आज हे जुने चित्रपट मोबाईलवरही पाहता येतात. विद्यार्थी मित्रांनी एकदा आवाज बंद करून ते पाहावेत आणि दिवा कुठून येतो आहे, एवढेच शोधावे. कथा निम्मी तरी तेथेच उलगडेल.